हद्दूच्या दुकानातली कागदांची पेटी

मित्रांनो, चाळिशी ओलांडलेली, देवदाराच्या लाकडाची मी एक पेटी आहे. माझ्या पोटात बारा कप्पे आहेत आणि त्या कप्प्यांत विडी वळायचे पातळ कागद राहतात. आमच्या बाब बेर्रेद गावाच्या डोंगरावर लोक गहू कमी आणि भांग जास्त पिकवतात. वाळवलेला पाला, ज्याला इथे किफ म्हणतात, जुनी माणसे चिलमीतून ओढतात. चिलमीचा कंटाळा आलेले कागदात वळून ओढतात. त्यांना कागद पुरवणारे दुकान हद्दूचे, आणि त्या दुकानातली मी.

मला घडवणारा सुतार फार कमी बोलायचा. त्याने माझे झाकण इतके घट्ट बसवले, की उघडताना हलकासा उसासा ऐकू येतो. हद्दू पहिल्यांदा ते ऐकून हसला होता. "ही पेटी माझ्या सासूसारखी आहे," तो म्हणाला. "उघडली की आधी सुस्कारा, मग बाकीचं."

हद्दूने जन्मात कधी किफ ओढला नाही, पण कागद निवडावा तर त्यानेच. नवा माल आला की तो एक पान कानाजवळ धरून हलवायचा. मग उजेडात धरायचा, जिभेच्या टोकाने डिंक चाखायचा, आणि शेवटी ते पान बशीत जाळून राख बघायचा. राख पांढुरकी आणि फुंकर मारताच उडणारी हवी. काळी, चिकट राख पडली, तर तो माल माझ्या कप्प्यात कधीच आला नाही. आणि एक नियम होता: मिशा न फुटलेल्याला कागद नाही, मग तो कुणाचाही मुलगा असो. माझे ते दिवस मोठ्या मानाचे होते. बाजाराच्या दिवशी माणसे माझ्यासमोर वाकून, "आज काय नवीन?" असे विचारायची.

मग हद्दूच्या डोळ्यांत काचबिंदू उतरला. दुकान मुलीच्या, मन्नानाच्या हाती आले. तिशीची, नवरा गेलेली, कामाला वाघीण, पण कुणाला काही विचारायचे म्हटले की तिच्या जिवावर यायचे. हद्दू दाराशी स्टुलावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना आवाजावरून ओळखू लागला.

त्या वसंतात दरड कोसळली आणि शहराकडचा रस्ता बंद झाला. नेहमीचा माल आला नाही. माझे कप्पे एकेक करून रिकामे झाले. बाजाराच्या आदल्या दिवशी, दुसऱ्या बाजूच्या कच्च्या वाटेने एक अनोळखी गाडीवाला आला. त्याच्याकडचे कागद दुधासारखे पांढरे होते, वेष्टन तर थेट नेहमीसारखे. मन्नानाला वाटले, पांढरे म्हणजे स्वच्छ. तिने मला काठोकाठ भरले.

"कुठला माल गं?" हद्दूने विचारले.

"नेहमीचाच, बाबा."

मित्रांनो, मी लाकडाची नसते तर तेव्हाच ओरडले असते. त्या कागदांना रॉकेलसारखा उग्र दर्प होता.

आमचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक म्हणजे अल्लाल. तो गैता वाजवतो. गैता म्हणजे आमच्याकडची सनईच. पंचक्रोशीतल्या प्रत्येक नवरीची पाठवणी त्याच्याच सुरांवर झालेली. दुपारच्या चहानंतर एक विडी, एवढाच त्याचा शौक. तो पांढरा कागद नेल्यावर दहा दिवसांनी तो दुकानात आला तेव्हा त्याचे ओठ सुजलेले होते, कडेला फोड आले होते आणि बोलताना खोकल्याची उबळ येत होती. त्याच्यामागोमाग खोगिरे शिवणारा शाइब आला. शाइबच्या नातीचे लग्न दहा दिवसांवर होते.

"बघ हद्दू, याला गैता फुंकता येईना," शाइब म्हणाला. "म्हातारा झालास रे अल्लाल! आता तोंड गैतेला नको, बिसाऱ्याच्या वाटीला लाव."

बिसारा म्हणजे आमचे डाळीचे कढण, दात पडलेल्यांचे जेवण. सगळे हसले. अल्लालही हसला, पण हसता हसता त्याने खालच्या ओठाला बोट लावले.

"खरंय बाबांनो," तो म्हणाला. "पंचावन्न वर्षं फुंकली. आता शाइब, तू दुसरा कुणी बघ. माझी गैता मी पुतण्याला देऊन टाकतो."

मन्नाना हे ऐकत होती. तिने माझे झाकण उघडले, एक पान काढले, बशीत ठेवले आणि काडी लावली. पान तडतडले, आक्रसले आणि त्याची काळी, तेलकट गोळी झाली. जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. दाराशी बसलेल्या हद्दूने मान वर केली.

तिला गप्प बसता आले असते. अल्लाल म्हातारा झाला, हे सगळ्यांनी मानलेच होते. पण ती बशी घेऊन पुढे आली.

"काका, तुम्ही म्हातारे झाला नाहीत. कागद खोटा आहे. माझ्या दुकानातला. मी बघून घेतला नाही आणि बाबांशीही खोटं बोलले."

अल्लालने बशीतली गोळी बोटाने चिरडून पाहिली. हद्दूने तिच्या आवाजाच्या दिशेने तोंड वळवले.

"माझे डोळे गेलेत, मन्नाना. बोटं नाही गेली. कान नाही गेले. विचारायचं होतंस."

"लाज वाटली, बाबा."

"मग आता वाटतेय ती काय कमी आहे?"

त्याच संध्याकाळी तिने मला पूर्ण रिकामे केले. ज्यांना ज्यांना तो माल दिला होता, त्यांच्या दारात जाऊन, कारण सांगून, तो परत घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी शाइबने आपले खेचर दारात आणून उभे केले. "दरडीवरून गाडी जात नाही, हे जातं," तो म्हणाला. "आणि खोगीर नवं आहे, चहा सांडू नकोस." मी जन्मात पहिल्यांदा दुकानाबाहेर पडले, चादरीत बांधलेली, खेचराच्या पाठीवर. डोंगर किती मोठा असतो ते मला तेव्हा कळले.

शफशावन शहरातल्या घाऊक व्यापाऱ्याने तिच्यापुढे पाच खोकी ठेवली. तिने एकेक पान कानाशी हलवले, उजेडात धरले. व्यापारी गालातल्या गालात हसत होता.

"बाई, तुम्ही ओढता का?"

"नाही."

"मग तुम्हाला काय कळणार?"

"सुईण काय प्रत्येक बाळंतपणाला स्वतः कळा देते?"

व्यापाऱ्याचे हसू मावळले. एक कागद जाड होता, त्यात धुरापेक्षा कागदच जास्त लागला असता. एकाचा डिंक गोडसर होता, म्हणजे काहीतरी मिसळलेला. दोन जळताना मध्येच विझले. पाचव्याची राख करडी पडली. तिने पाचही मागे सारले. मग व्यापारी स्वतः उठून आत गेला आणि एक धुळीने भरलेले खोके घेऊन आला. आतला कागद गव्हाळ रंगाचा, भांगेच्याच वाखाचा, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, आणि कडेला बाभळीच्या डिंकाची बारीक रेघ. तो सावकाश, सारखा जळला आणि राख तिच्या नुसत्या श्वासाने उडून गेली. मन्नाना तिथेच पोत्यावर बसली आणि ओढणीच्या टोकाने डोळे पुसून म्हणाली, "हा द्या."

शाइबने लग्न दोन आठवडे पुढे ढकलले. मुलाकडच्यांनी कुरकुर केली, तेव्हा तो म्हणाला, "नवरदेव बदलेन, गैतावाला बदलणार नाही." अल्लालने त्या दिवसांत विडीला हात लावला नाही, ओठांना ऑलिव्हचे तेल लावत राहिला. लग्नाच्या दुपारी वरात आमच्या दुकानावरून गेली. पहिला सूर जरा कापरा आला, मग मोकळा झाला, आणि हद्दू स्टुलावरून उठून उभा राहिला.

मित्रांनो, आता माझ्या एका कोपऱ्याला चीर गेली आहे आणि पितळी कडी काळवंडली आहे. पण मी समाधानी आहे. मन्नाना मला आठवड्याला कोरड्या फडक्याने पुसते, धुक्याच्या दिवसांत चुलीच्या भिंतीशी ठेवते. तुमच्याही घरात अशी एखादी जुनी पेटी असेल, तर तिला ओल लागू देऊ नका. आणि जी वस्तू कुणाच्या श्वासात जाणार आहे, ती घेताना विचारायला लाजू नका.

हल्ली नवा माल आला की पहिले पान हद्दूच्या हातात जाते. गेल्या आठवड्यात मन्नानाला फार आवडलेला एक कागद त्याने कानाशी हलवला आणि नाक मुरडले.

"नको," तो म्हणाला.

"बाबा, मी जाळून पाहिलाय. राख पांढरी आहे!"

"असेल. पण कुरकुरतोय. जाड आहे."

"तुमचे कानच जाड झालेत!"

दोघे चहा गार होईपर्यंत भांडले. मग मन्नानाने तणतणत तो माल परत बांधला, आणि बापासाठी दुसरा चहा ओतला.