उजवा तळवा

बबितानं मल्हारचा उजवा पाय ओढून मांडीवर घेतला आणि ओल्या फडक्यानं तळवा पुसला. उन्हं अजून उतरली नव्हती. मेंढ्या नुकत्याच परतल्या होत्या आणि जाळीच्या कुंपणात कोकरं ओरडत होती.

"हलू नका," ती म्हणाली. "हलायला तुमाला कळतंय तरी काय म्हणा."

काडी पेटवून तिनं सुईचं टोक तापवलं. मल्हार पुन्हा चालू लागल्यापासून रोज संध्याकाळी हेच चाललं होतं. सव्वा वर्षापूर्वी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूला सूज आली आणि एका दुपारीत मल्हार कमरेखाली लुळा पडला. लाखात एखाद्याला होतो असा आजार, मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले होते. सूज उतरली, नसा मात्र आपल्या मर्जीनं जाग्या होत होत्या. डाव्या पायाला सगळं कळे, पण त्यात जोर नव्हता. उजव्यात जोर होता, पण त्याला चटका कळत नसे की काटा. बाभळीचे काटे तळव्यात घेऊन मल्हार खुशाल घरी येई.

तो पडला त्या दिवशी बबिता गंगाखेडच्या एसटीत बसली होती, त्याच्या काठीनं मोडलेलं मनगट गळ्यात बांधून, कायमची माहेरी निघालेली. गावातून फोन आला आणि ती उतरली. लुळ्या नवऱ्याला टाकून गेली, हे तिला आयुष्यभर ऐकायचं नव्हतं. नंतर न्यायला आलेल्या महारुद्रला, आपल्या भावाला, तिनं सांगितलं होतं, "त्यांना काटा कळायला लागला की येते."

मल्हारनं ते खाटेवरून ऐकलं होतं. म्हणूनच दसऱ्यानंतर एका संध्याकाळी सुई विंचवासारखी झोंबली, तेव्हा तो गप्प राहिला. त्यानंतर रोजच गप्प राहिला.

"ती काळ्या तोंडाची मेंढी लंगडायलीय," आज तो कुंपणाकडं बघत म्हणाला.

"मेंढी लंगडलेली दिसती बरं तुमाला. माझं मनगट वळत न्हाई, ते कवा दिसलं?"

सुई आत गेली. मल्हारनं खाटेचा सुंभ मुठीत आवळला. चेहरा मात्र हलू दिला नाही. सुई बाहेर आली, पुन्हा आत गेली, जरा जास्त खोल.

"निघाला का?" त्यानं विचारलं.

"आज काटा नव्हताच."

त्यानं मान वळवली. बबिता सुई पदराला पुसत होती.

"दवाखान्यात तळवा खरवडला की अंगठा वर यायचा. खाली वाकायला लागला की समजा नस सुधारली, म्हणले होते डॉक्टर. महिना झाला, खाली वाकायलाय. तोंडाचं सोंग जमतंय तुमाला, अंगठ्याचं न्हाई."

मल्हारनं मुठीतला सुंभ सोडला.

"म्हंजी... कळूनबी महिनाभर ऱ्हायलीस तू."

"मेंढ्या गाभण होत्या. आंदणातल्या अकरा, माझ्या. तशा गाभण टेम्पोत घालून मारू का?" तिनं त्याचा पाय मांडीवरून खाली ठेवला. "चार दिवस झाले, शेवटची व्याली. तुमच्या मेंढ्या तुमच्यापाशी. आता चालतंय तुमाला. महारुद्र टेम्पो घेऊन यायलाय."

टेम्पो आला तो कुंपणाशीच थांबला. महारुद्र उतरला.

"बरं हाय का दाजी?" त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मागचं फळकं खाली पाडलं.

पहिलीच मेंढी चढेना. महारुद्र मागून ढकलत होता, बबिता वर चढून मान ओढत होती. मेंढीनं चारी खूर मातीत रोवले.

"मेंढी हाय का म्हैस गं अक्का?"

"उसाच्या मोळ्या न्हाईत त्या! हळू!"

"हळूच करायचं तर सकाळ हुईल. नसंल चढत तर ऱ्हाऊ दे हितंच."

मल्हार खाटेवरून बघत होता. अशी ओढून मेंढी चढत नाही, हे त्याला ठाऊक होतं. तो नुसता बसून राहिला असता, तर बबिताचं जाणं अडलं असतं.

तो उठला. अनवाणी निघाला. उजव्या तळव्याखाली एकेक खडा वेगळा कळत होता. कुंपणात वाकून त्यानं त्या मेंढीचं कोकरू उचललं, टेम्पोपाशी आला आणि ते वर धरलं.

बबितानं मेंढीची मान सोडली. मग तिनं कोकरू घेतलं.

वरून कोकराचा आवाज आला, तशी मेंढी महारुद्रच्या हातून सुटली आणि एका उडीत आत गेली.

मल्हार दुसरं कोकरू आणायला वळला.