वस्तऱ्याची उलटी बाजू

“गुळगुळीत घोटून करा, काका,” म्हणत सुदेश खुर्चीत बसला आणि उत्तमने फेसाचा ब्रश उचलला. घोटायला दाढी होतीच कुठे?

कोपर स्टेशनजवळच्या उत्तमच्या सलूनमध्ये सुदेश बारा वर्षं दर रविवारी यायचा. पंप दुरुस्त करणारा गडी. दाढी अशी राठ की ब्लेडने हात टेकावेत. गेल्या दिवाळीत टाकीच्या शिडीवरून पडला, डोक्याला मार बसला. वाचला, म्हणून सगळ्यांनी पेढे खाल्ले. मग मात्र त्याला बसल्या जागी झोप यायला लागली, भर मे महिन्यात स्वेटर लागायला लागला. घरीदारी तो आळशी ठरला. हळूहळू गालही पोरासारखे झाले.

उत्तम मनाचा मऊ. चारचौघांत माणसाची लाज जाऊ नये म्हणून चार महिने तो भरपूर फेस लावून वस्तऱ्याची उलटी बाजू फिरवत होता. सुदेशला ते कळत होतं. दोघंही गप्प.

तेवढ्यात सुदेशची बायको कलावती दारात आली. “काका, ह्यांना समजवा ना जरा! काल पंपाशेजारीच झोपले. सोसायटीवाले बोलले, उद्यापासून येऊ नका. नुसता आळस!”

उत्तमचा हात थांबला. आता गप्प बसणं पाप होतं.

“आळस नाही गं, पोरी. ह्याला दाढीच येत नाही. मी नुसता फेस काढतोय. चुकलं माझं. डॉक्टरला सांगा हे.”

बाकावरची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

“काका, तुम्ही पण?” एवढंच म्हणून सुदेश फेसासकट निघून गेला.

पुढचं कलावतीनेच येऊन सांगितलं. ठाण्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते, मारामुळे ती मंदावली. हार्मोन कमी पडले. आता गोळ्या, इंजेक्शनं, बहुतेक जन्मभर. “काय काय बोलले हो मी त्यांना,” म्हणत ती ओक्साबोक्शी रडली.

सुदेश मात्र फिरकला नाही. उत्तम रविवारी दहापर्यंत ती खुर्ची कुणाला देईना.

दिवाळीच्या आधी एका रविवारी सुदेश आला आणि त्या खुर्चीत बसला. उत्तमने फेस लावला आणि सवयीने वस्तरा उलटा धरला. सुदेशने त्याचं मनगट पकडलं.

“सरळ धरा, काका.”

दाढी विरळ होती, पण वस्तऱ्याखाली खर्र वाजली. शेजारच्या खुर्चीपर्यंत ऐकू जावं म्हणून उत्तमने पंखा बंद केला.