उंदीरछाप डबा

रेतो कादुफला खुर्चीत पंधरा मिनिटांच्या वर बसवत नसे. बँकॉकच्या साथोर्न रस्त्यावर बोडमर-ट्रूब कंपनीची कचेरी होती, तिच्या चौथ्या मजल्यावर त्याची, म्हणजे मुख्य साहेबाची, खोली. टेलिफोनची वायर त्याने मुद्दाम लांब करून घेतली होती, म्हणजे बोलता बोलता खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालता येत. बाहेर बसणाऱ्या टायपिस्ट मुली आपसात म्हणत, साहेबाच्या पँटीत लाल मुंग्या शिरल्यात, निघतच नाहीत.

वय एकोणचाळीस. जन्म स्वित्झर्लंडच्या पूर्वेकडच्या डोंगरातला, तिथला माणूस एकदा जिथे गाई बांधतो तिथेच मरतो. हा मात्र आधी मनिला, मग तैपेई, मग बँकॉक, असा अकरा वर्षांत तीन शहरं फिरला होता. प्रत्येक ठिकाणी दुसरं वर्ष संपलं की त्याच्या पायांना खाज सुटायची. बायको फ्रेनी इथल्या स्विस शाळेत शिकवायची आणि नऊ वर्षांची मुलगी उर्सिना त्याच शाळेत जायची. या दोघींनी या वेळी बजावून ठेवलं होतं की आता सामान बांधायचं नाही.

कंपनी मायदेशाहून चॉकलेटं, सुपाच्या वड्या, साबण असं काय काय आणून थायलंडभर विकायची. पण घर चालायचं ते 'मुरमेल'वर. दुधात घालायची माल्टची पावडर, पत्र्याच्या डब्यात भरलेली. डब्यावर आल्प्समधलं मुरमेल हे घुशीसारखं दिसणारं जनावर मागच्या पायांवर उभं असलेलं. थायलंडात ते जनावर कोणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून गेली तीस वर्षं खेडोपाडी लोक त्याला उंदीरछाप म्हणत. झुरिकच्या मुख्य कचेरीला हे नाव कळलं तेव्हा ती मंडळी आठवडाभर तोंड आंबट करून बसली होती म्हणे.

रेतोने आल्याबरोबर ठरवलं, हे बदलायचं. डबा गेला आणि चकचकीत पाकीट आलं. उंदराच्या जागी बर्फाचा डोंगर आला. १९८६च्या मार्चमध्ये नवा माल बाजारात गेला आणि जुलैपर्यंत ईशान्येकडच्या जिल्ह्यांतला खप निम्म्यावर आला.

झुरिकहून तार आली. संचालक श्लेप्फर एक ऑगस्टला, म्हणजे स्विस राष्ट्रदिनालाच, बँकॉकला पोचणार होते. तारेत शेवटी लिहिलं होतं: ईशान्येचा प्रमुख प्रायोंग म्हातारा झालाय असं दिसतं, त्याला मोकळं करण्याची कागदपत्रं तयार ठेवा.

त्या रविवारी क्लबात पत्त्यांचा डाव बसला होता. रसायनांचा व्यापार करणारा गुब्लर पत्ते पिसत म्हणाला, "श्लेप्फर येतोय ना? तो कुठे गेला की कुणाचं तरी मुंडकं पिशवीत घालून परततो. जाकार्ताचं माहीत आहे ना?"

"माझं नाही नेणार," रेतो म्हणाला.

"तुझं नेऊन काय करणार? ते कुठे एका जागी राहतं?"

सगळे हसले. रेतोही हसला, पण डाव अर्धा टाकून उठला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढून प्रायोंगकडे, खोनकेनला निघाला. कागद तयार करण्याआधी निदान बाजार तरी पाहून घेऊ, असं त्याने फ्रेनीला सांगितलं. खरं कारण इतकंच होतं की त्याला खोलीत बसवेना.

प्रायोंग बावन्न वर्षांचा, बुटका, कायम इस्त्रीचा शर्ट. कंपनीत तेवीस वर्षं झालेली. साहेब न कळवता आला याचं त्याने आश्चर्यही दाखवलं नाही. "खुन रेतो, आधी जेवून घेऊ," एवढंच म्हणाला. खुन म्हणजे तिकडचं 'साहेब'. मग दोन दिवस तो गाडी हाकत राहिला. भाताची खाचरं, तळी, मध्येच एखादं देऊळ. प्रत्येक दुकानात शिरायचं, थंड पाणी प्यायचं, कोपऱ्यात धूळ खात पडलेली मुरमेलची पाकिटं पाहायची. रेतो दर वेळी विचारायचा, "का विकलं जात नाही?" दुकानदार हसायचे आणि प्रायोंगकडे पाहायचे. प्रायोंग म्हणायचा, "पुढे एक दुकान आहे, तिथे विचारू."

दुसऱ्या दिवशी दुपारी महासारखामच्या पलीकडे एका खेड्यात ते थांबले. दुकान याय बुनमाचं. याय म्हणजे आजी, आणि गावात बहुधा सगळ्यांचीच ती आजी होती. विड्याने लाल झालेलं तोंड, कमरेला लुगड्यासारखं गुंडाळलेलं वस्त्र. तिला हसून गप्प बसायची सवय नव्हती.

"हा तो फरांग का?" गोऱ्या पाहुण्याकडे बोट करून तिने प्रायोंगला विचारलं. "ज्याने उंदीर मारला?"

प्रायोंगने मान खाली घालून भाषांतर केलं, अगदी शब्दशः.

"आजी, आतली पावडर तीच आहे," रेतो म्हणाला.

"असेल. पावडर कोण बघतंय?" ती उठली आणि आतून एक जुनाट डबा घेऊन आली. उंदराचे कान गंजाने खाल्लेले. "हे बघ. या गावात तांदूळ मोजायचा तो याने. उसना दिला तर याने, देवळात वाहिला तर याने. पोरीच्या लग्नात बोलणी होतात तेव्हाही म्हणतात, इतके उंदीर तांदूळ. बियाणं यात राहतं, त्याला मुंगी लागत नाही. पावडर आम्ही पोरांना पाजतो, पण घेतो डब्यासाठी. तुझं ते पाकीट पावसाळ्यात चार दिवसांत गोळा होतं. मग त्याचं काय करू? टोपी करून घालू?"

दुकानात बसलेल्या बायका खो खो हसल्या. एकीने पाकीट उचलून खरंच डोक्यावर ठेवलं.

रेतोने तो डबा हातात घेतला. "दुसरे विकणारे काय देतात?" त्याने विचारलं.

"डबा देतात," आजी म्हणाली. "त्यावर हत्ती आहे. पावडर कडू आहे, पण हत्ती धड आहे."

गाडीत बसल्यावर तो एकदम म्हणाला, "हे तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"मग मला का सांगितलं नाही?"

प्रायोंगने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं. "एप्रिलमध्ये लिहिलं होतं, खुन रेतो. तीन पानं. माझ्या भाच्याकडून इंग्रजी करून घेतलं, टंकून घेतलं, पाठवलं. उत्तर आलं नाही. मग मला वाटलं, साहेबांनी वाचलंय आणि त्यांना पटलेलं नाही."

"फोन करायचा होता."

"मोठ्या माणसाला, चुकलात, असं तोंडावर म्हणायची आमच्यात रीत नाही. म्हणून तर लिहिलं. आणि म्हणून तुम्हाला दोन दिवस फिरवलं. आजीला रीतभात ठाऊक नाही, हे मला माहीत होतं."

बँकॉकला परतल्यावर रेतोने पत्रांचा गठ्ठा उपसला. तळाशी ते सापडलं. पाकीट फोडलेलं होतं. कोपऱ्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'नंतर'. उभ्याउभ्याच वाचलं. सगळं होतं त्यात: डबा, तांदूळ, मुंग्या, हत्ती. शेवटच्या ओळीत प्रायोंगने लिहिलं होतं की मी उद्धटपणा केला असेल तर क्षमा असावी.

घरी येऊन त्याने फ्रेनीला सांगितलं. ती वह्या तपासत होती. तिने पेन खाली ठेवलं नाही.

"आता काय करणार आहेस?"

"विचार करतोय. श्लेप्फरला म्हणता येईल की पाकिटाला झुरिकनेच मंजुरी दिली होती. ते खोटं नाही."

"आणि प्रायोंग?"

"त्याला चांगलं निवृत्तिवेतन मिळवून देता येईल."

फ्रेनीने वही मिटली. "रेतो, तुला एका जागी बसून तीन पानं वाचता आली नाहीत. त्यासाठी तेवीस वर्षं एका जागी राहिलेल्या माणसाला घालवणार? मला नको विचारूस. माझ्याकडून हो येणार नाही, आणि नाही म्हटलं तर म्हणशील बायकोने अडवलं."

तो अंगणात गेला, परत आला, पुन्हा गेला. असं तीन दिवस चाललं. जेवताना उठायचा, दाढी अर्धी टाकून टेलिफोनपाशी जायचा आणि फोन न करताच परतायचा.

एक ऑगस्टला संध्याकाळी वकिलातीच्या हिरवळीवर सगळी स्विस मंडळी जमली. कागदी कंदील, सॉसेज भाजण्याचा धूर, शेकोटीची लाकडं दुपारच्या पावसाने ओली. दोन मुलं राष्ट्रगीत चुकीच्या सुरात म्हणत होती. श्लेप्फर उंच, किडकिडीत, चष्मा नाकाच्या टोकावर. एका हातात ताटली घेऊन ते गुब्लरशी बोलत उभे होते. रेतो सरळ त्यांच्यापाशी गेला.

"श्लेप्फरसाहेब, प्रायोंगचे कागद मी केलेले नाहीत."

"उद्या बोलू, कादुफ. आज सण आहे."

"खप माझ्यामुळे पडला. पाकिटाची कल्पना माझी. बाजार न पाहता मीच ती झुरिकच्या गळी उतरवली. प्रायोंगने एप्रिलमध्ये लेखी सांगितलं होतं, डबा गेला तर माल पडून राहील. ते पत्र मी वाचलं नाही."

गुब्लरने चघळणं थांबवलं. श्लेप्फरांनी सॉसेजला नीट मोहरी लावली, एक तुकडा खाल्ला, मग म्हणाले, "हे इथे, सगळ्यांसमोर सांगायची काही गरज होती?"

"रात्र मध्ये गेली असती तर माझं मन फिरलं असतं."

"ते पत्र आहे?"

रेतोने खिशातून काढून दिलं. श्लेप्फरांनी ताटली गुब्लरच्या हातात दिली आणि कंदिलाखाली उभं राहून तिन्ही पानं वाचली. घडी घालून खिशात ठेवली आणि राजदूतांच्या पत्नीला भेटायला निघून गेले. त्या संध्याकाळी मग रेतोशी फारसं कुणी बोललं नाही. सगळ्यांनाच एकाएकी दुसरीकडे काम निघालं.

सोमवारी निकाल लागला. पाकीट बंद, ऑक्टोबरपासून डबा परत, उंदरासकट. प्रायोंग जागेवर राहणार. रेतोला झुरिकला बोलावलं होतं, मालाच्या पॅकिंग खात्यात एक साधं टेबल होतं त्याच्यासाठी. श्लेप्फर म्हणाले, "खरं बोललात, म्हणून टेबल तरी आहे."

दुपारी प्रायोंग आला. खोनकेनहून आठ तास बसने आला होता. दारात बूट पुसले, बसा म्हटलं तरी बसला नाही.

"मी आभार मानायला आलेलो नाही, खुन रेतो."

"मानूही नका."

"जूनमध्ये तुम्ही माझ्या हाताखालचे दोन विक्रेते काढलेत. खप पडला म्हणून. अम्नुए आणि थावी. त्यांची नावं घेतलीत का कुणापुढे?"

रेतो चालायचा थांबला. त्या दोघांची आठवण त्याला झालीच नव्हती. त्यांचे कागद त्याने एका मिनिटात, उभ्यानेच सही करून दिले होते.

"नाही," तो म्हणाला.

"अम्नुए गावात आहे. थावी गेल्या महिन्यात सौदीला गेला, बांधकामावर. घर गहाण टाकून गेला. त्याची बायको पोटुशी आहे." प्रायोंगने हात जोडले, रीतीप्रमाणे थोडा वाकला आणि गेला.

त्या संध्याकाळी रेतोने श्लेप्फरांना हॉटेलात गाठलं आणि दोन्ही नावं सांगितली. अम्नुएला कंपनीने परत घेतलं. थावीला रियाधच्या पत्त्यावर पत्र गेलं. त्याचं उत्तर चार महिन्यांनी आलं: करार दोन वर्षांचा आहे, मालकाने पासपोर्ट ठेवून घेतलाय, येता येत नाही. मुलगी झाली असं गावाकडून कळलं.

झुरिकची जागा रेतोने घेतली नाही. फ्रेनी म्हणाली होती, "तू जा, मी अडवत नाही. पण मी आणि उर्सिना इथेच." त्याने राजीनामा दिला. आता तो बँकॉकमध्ये राहत होता तो बायकोच्या नोकरीच्या आधारावर, आणि क्लबात याच्याएवढा विनोद त्या वर्षी दुसरा झाला नाही. गुब्लर त्याला पाहिलं की विचारी, "काय मास्तरीणबाईंचे यजमान, आज काय रांधलंत?"

"बटाटे," रेतो सांगे. बरेचदा ते खरंच असे.

काम शोधत होताच. दोन ठिकाणी बोलणी झाली, दोन्ही फिसकटली. त्या समाजात माणूस चुकला तर खपतं, पण भर सभेत चूक कबूल करणारा जवळ ठेवायला लोक बिचकतात. दिवसभर घरात फिरून फिरून त्याने फरशीची एक रांग गुळगुळीत केली, असं मोलकरीण सांगायची.

जानेवारीत एका सकाळी शाळेची बस बिघडली. फ्रेनी पुढे गेली होती. तिने फोन करून सांगितलं की आपल्या गल्लीतली पाच मुलं आणि उर्सिना, सगळ्यांना तू आण. सुखुमवित रस्त्यावर येताच गाडी अडकली. पुढे ट्रक, मागे ट्रक, दोन्ही बाजूंना रिक्षा. मागच्या आसनावर एका आग्यावेताळ मुलीने दुसऱ्याचं भूगोलाचं पुस्तक खिडकीबाहेर धरलं होतं. रेतोने भोंगा वाजवला. पुन्हा वाजवला. दार उघडून एक पाय बाहेर टाकला, पुढे काय झालंय ते पाहायला.

"बाबा, तू उतरलास तर सिग्नल सुटेल आणि आम्ही इथेच राहू," उर्सिना म्हणाली.

त्याने पाय आत घेतला. अर्धा तास गेला. काही हललं नाही. त्याने इंजिन बंद केलं आणि मागे वळून त्या मुलीकडे हात पुढे केला. "ते पुस्तक इकडे दे. कुठला धडा आहे आज?"

"नद्या," ती म्हणाली.

"ऱ्हाईन कुठे उगम पावते, कुणाला ठाऊक आहे? माझ्या गावाजवळ. पण तिथे ती एवढीशी असते, तिच्यावरून उडी मारता येते."

"तू मारलीस?" एकाने विचारलं.

"पडलो होतो मी तिच्यात," रेतो म्हणाला, आणि ते कसं झालं ते सांगू लागला. गोष्ट अर्ध्यावर असताना पुढचा ट्रक हलला. मागचे भोंगे वाजायला लागले, तेव्हा उर्सिनाला त्याला दोनदा सांगावं लागलं की बाबा, गाडी चालू कर.