अंधेरीला जेवायला

वनमाला सावंतच्या जिभेचं ऑपरेशन झालं, मग रेडिएशन झालं, आणि त्यानंतर वर्षभर ती मिक्सरमधून काढलेलं खात होती. आयुष्यात तिने कधी तंबाखू खाल्ली नाही की मिश्री लावली नाही, तरी कॅन्सर झाला. आता रिपोर्ट स्वच्छ आले होते. मऊ असेल ते काहीही खा, तोंड कोरडं पडेल म्हणून पाणी जवळ ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. चव कधी येणार, असं तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "काहींना येते, काहींना अर्धवट येते. वाट बघायची."

वास मात्र तिला सगळे येत. शेजारच्या घरात बोंबील तळले तरी कळायचं. तोंडात घातलं की ओला कागद चघळल्यासारखं.

शाळेच्या ऑफिसात नोकरीला असताना तिला खाण्याची भारी हौस. कुठल्या हॉटेलात मटण चांगलं, कुठे नुसती गर्दी, सगळं तिला ठाऊक. तिचा नवरा चंद्रप्रकाश लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतून रिटायर झालेला. तो ताटात पडेल ते खायचा आणि उठायचा.

लग्नाचा वाढदिवस जवळ आला तेव्हा मुलगा हर्षद म्हणाला, "आई, तुला काय पाहिजे?"

"हॉटेलात राहायचंय. आम्ही दोघंच. आणि बाहेर जेवायचंय."

मग सून श्रुतिकाने मोबाइल काढला आणि अंधेरीत मरोळजवळ दोन रात्रींसाठी खोली बुक केली. कांजूरमार्गच्या त्यांच्या घरापासून रिक्षाने जाण्याइतकंच लांब. "एवढ्याशा अंतरावर कोण फिरायला जातं?" चंद्रप्रकाश म्हणाला. पण बॅग त्यानेच भरली.

पहिल्या दुपारी ते एका मालवणी हॉटेलात गेले. चंद्रप्रकाशने दोघांसाठी दहीभात मागवला. वनमालाने वेटरला थांबवलं. "मला दहीभात. ह्यांना सुरमई फ्राय, तांदळाची भाकरी आणि सोलकढी."

सुरमई आली. चंद्रप्रकाश मान खाली घालून भराभर खाऊ लागला.

"कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

"बरी म्हणजे चांगली आहे."

"ताजी आहे का? रवा नीट लागलाय? मीठ?"

"आहे ना सगळं."

तिने त्याच्या वाटीतली सोलकढी उचलली आणि एक घोट घेतला. चव काही लागली नाही, पण मिरची आणि लसणीने जीभ अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. वेटर धावत पाणी घेऊन आला. बाजूच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. अर्धी सुरमई ताटात टाकून दोघं उठले.

खोलीत आल्यावर ती भिंतीकडे तोंड करून पडली. चंद्रप्रकाश खुर्चीत बसला. म्हणाला, "घरी जाऊया का? हर्षद काही म्हणणार नाही."

"मला माहितीये तुम्ही कसे जेवता," ती भिंतीकडे बघतच म्हणाली. ऑपरेशनपासून तिचे शब्द थोडे जड यायचे, ती सावकाश बोलायची. "मी आत गेले की ओट्यापाशी उभं राहून. दार लोटून. हर्षद आणि श्रुतिका पण तेच करतात. घरात मासळी आणणं बंद केलंत. तुमच्या जेवणाचा मला वास येत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

"तुझ्यासमोर घास उतरत नाही गो." तो खुर्ची पुढे ओढत म्हणाला. "तू पेज पिणार आणि मी समोर बसून मासे खाणार?"

"हो, खायचे." ती उठून बसली. "वर्षभर मी एकटी जेवतेय. आजारात तुम्ही सगळं केलंत. नळीने भरवलंत, रात्री जागलात. पण समोर बसून जेवला नाहीत. माझी चव गेली, डोळे आहेत ना शाबूत. मला तुम्हाला जेवताना बघायचंय. आणि विचारलं की नीट सांगा, बरी आहे म्हणू नका."

"मला नाही सांगता येत. मला कुठे तुझ्यासारखं कळतं?"

"शिका."

तो उठून तिच्या शेजारी बसला. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. संध्याकाळपर्यंत दोघांनाही तशीच झोप लागली. रात्री त्यांनी खोलीतच सूप मागवलं. त्याने तिच्यासमोर बसून दोन सँडविच खाल्ली, आणि दोन्ही अगदीच भिकार होती असं स्वतःहून सांगितलं.

सकाळी ते उडपी हॉटेलात गेले. चंद्रप्रकाशने मसाला डोसा घेतला आणि परीक्षेला बसल्यासारखा ताठ बसला. पहिला घास बराच वेळ चावला.

"कड कुरकुरीत आहे," तो म्हणाला. "मध्ये मऊ. जरासा आंबूस. भाजीत... आलं जास्त पडलंय."

"आणि चटणी?"

"चटणी पातळ आहे. खोबरं थोडं, डाळं जास्त. पैसे वाचवतात साले."

वनमाला खळखळून हसली. पाण्याचा घोट घेत घेत तिने सांबारात बुडवून इडली खाल्ली. चव आली नाही, पण या वेळी तिला त्याचं फारसं वाटलं नाही. "सांबारात भोपळा आहे ना?" तिने विचारलं. "वास येतोय." त्याने वाटी ढवळून भोपळ्याची फोड काढून दाखवली.

दुपारी ते मरोळच्या जुन्या गावठाणात शिरले. फ्लेविया नावाची एक बाई तिथे आपल्या घराच्या पडवीत टेबलं मांडून जेवण द्यायची. वनमालाने नोकरीत असताना तिच्याविषयी ऐकलं होतं, पण जाणं झालं नव्हतं. फ्लेविया साठीची, फुलाफुलांच्या फ्रॉकमधली, बोलायला रोखठोक.

"काय देऊ?"

"ह्यांना तुमच्याकडचं जे चांगलं असेल ते. मला मऊ, बिनतिखट. माझ्या जिभेचं ऑपरेशन झालंय. चव लागत नाही."

फ्लेवियाने चेहरा पाडला नाही की हळहळ केली नाही. "इंदियाल आहे, कोंबडीचं. रात्रभर विनेगरमध्ये मुरवलेलं. मसाला वरवर असतो. तुम्हाला आतला तुकडा कुस्करून देते, फुग्यांबरोबर खा."

फुगे म्हणजे तळलेले, पोकळ, मऊ पाव. चंद्रप्रकाशने एक तोडला. "आत नारळाच्या दुधाचा वास आहे," तो सांगू लागला. "किंचित गोड. रस्सा आधी आंबट लागतो, मग तिखट. दालचिनी आहे बहुतेक. आणि—"

"थांबा," वनमाला म्हणाली.

तो थांबला. तिच्या तोंडात घास होता, हात हवेत.

"काय झालं? झोंबलं? पाणी देऊ?"

तिने नकारार्थी मान हलवली. सावकाश गिळलं. "आंबट लागलं."

"खरंच?"

"डाव्या बाजूला. कडेला. जरासं."

तिने घाईने दुसरा घास घेतला. काही नाही. तिसराही कोरडाच गेला. चंद्रप्रकाश तिच्या तोंडाकडे टक लावून बसला होता, त्याच्या हातातल्या फुग्यातून रस्सा मनगटावर ओघळत होता.

"मला नुसतं तसं वाटलं," ती म्हणाली. मग पाणी पिऊन तिने एक छोटा तुकडा जिभेच्या डाव्या कडेला ठेवला आणि डोळे मिटले. "नाही, आहे. विनेगर आहे. गेलं... पण होतं."

चंद्रप्रकाशने डाव्या हाताने तिचा हात घट्ट धरला, तिथेच, पडवीत, सगळ्यांसमोर. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याने असं कधी केलं नव्हतं. फ्लेविया आणखी फुगे घेऊन आली, त्यांच्याकडे बघितलं आणि ताट ठेवून आत निघून गेली.

"तुमचं गार होतंय," वनमाला म्हणाली. "जेवा."

तो डोळे पुसत जेवला. पाच फुगे खाल्ले, आणि प्रत्येक वेळी ती विचारेल त्याचं उत्तर दिलं.

बाहेर पडल्यावर तिने हर्षदला फोन लावला. "आम्ही उद्या येत नाही. परवा येतो."

"का? काय झालं? आई, बरी आहेस ना?"

"बरी आहे. गोरेगावला एक हॉटेल आहे, तिथली बिर्याणी ह्यांना खायला घालायचीये. श्रुतिकाला सांग, खोली एक दिवस वाढव."

"आणि तू काय खाणार?"

"दही असेल ना तिथे," वनमाला म्हणाली, आणि रिक्षाला हात केला.