साडूच्या विम्याखाली

माझ्या साडूला प्लंबिंग मी शिकवलं. ही गोष्ट तो स्वतःच चारचौघांत सांगतो, "भाऊजी माझे गुरू" म्हणतो आणि माझा जळफळाट होतो. निदान ती फुशारकी तरी माझ्यासाठी ठेवायची!

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. थोरली माझी, धाकटी त्याची. हात माझा सरस, धंद्यात कोणालाही विचारा. पण मोठी कामं त्याच्या पदरात पडतात, कारण त्याने धंद्याचा विमा काढलाय. आपल्या कामामुळे कोणाचं नुकसान झालं तर ते विमा कंपनी भरून देते. हल्ली इमारतींचे मॅनेजर विमा आहे का हे विचारल्याशिवाय माणसाला जिना चढू देत नाहीत. साडू माझ्या किती मागे लागला होता, "भाऊजी, तुम्हीही काढून टाका." मी म्हणालो, "ज्याचे जोड गळतात त्याने काढावा." हे बोलून मला फार बरं वाटलं होतं. पुढे माझी कामं आटत गेली आणि मी त्याच्याकडेच रोजावर जाऊ लागलो. घरी मात्र भागीदारी केलीय म्हणून सांगितलं.

"निम्मी निम्मी ना?" बायकोने विचारलं.

"मग काय तर!"

काम होतं पहिल्या मजल्यावरच्या दातांच्या दवाखान्याचं. प्रत्येक खुर्चीला पाणी न्यायचं होतं. खाली फर्निचरचं दुकान. पाइप आम्ही आधी कोरडाच बसवून बघतो. कोन नीट आला की काढायचा, चिकटवायचं सोल्युशन लावायचं आणि पुन्हा दाबून बसवायचा. तिसऱ्या खुर्चीपाशी मी एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, कोरडा बसवून बघत होतो, तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या आणि साडूला म्हणाल्या, "किती नीटनेटकं काम आहे तुमचं! आमच्या दुसऱ्या दवाखान्याचंही तुम्हीच करा."

त्यांच्या डोळ्यांसमोरचा एकूण एक जोड माझा होता.

"हे सगळं भाऊजींनी केलंय," साडू म्हणाला.

बाई माझ्याकडे बघून हसल्या, चहा आणून देणाऱ्याकडे बघून हसतात तशा, आणि पुन्हा त्याच्याशीच बोलायला लागल्या. माझं डोकंच फिरलं. दुसरा दवाखाना कुठे, किती खुर्च्यांचा, हे कान टवकारून ऐकत मी चौथ्या खुर्चीकडे वळलो. संध्याकाळी साडूने पाण्याचा दाब देऊन लाइन तपासली. घट्ट बसलेला असला तर कोरडा जोडही थोडा वेळ धरतो. हाही धरला.

सकाळी साडूचा फोन आला, की जोड निसटून खालच्या दुकानात पाणी गेलंय. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. आता उतरेल याचा तोरा, आता कळेल त्या बाईंना, असं मनात म्हणत मी झपाझप निघालो. दुकानात कपाटांची दारं फुगली होती, सोफ्यांमधून पाणी ठिबकत होतं आणि दुकानदार डोक्याला हात लावून बसला होता. आम्ही वर गेलो. साडूने निसटलेला एल्बो उचलला आणि आतून अंगठा फिरवला. सोल्युशनचा मागमूस नव्हता. तो तिसऱ्या खुर्चीचा होता.

साडूने माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

दुपारी विमा कंपनीची सर्व्हेअर आली. तरुण मुलगी, पण नजर पक्की. फोटो काढून झाल्यावर दुकानदारासमोरच तिने विचारलं, "हा जोड कोणी केला?"

"काम माझं आहे," साडू म्हणाला.

"जोड मी केलाय," मी म्हणालो. प्रामाणिकपणा वगैरे काही नव्हता. त्याचा मोठेपणा मला बघवेना, एवढंच.

"तुमचा स्वतःचा विमा आहे?"

"नाही."

"मग विचार करून सांगा. तुम्ही स्वतंत्रपणे काम घेतलं होतं की यांच्या हाताखाली होतात? हाताखालचे असाल तर यांच्या विम्यात बसतं. स्वतंत्र असाल तर हे सगळं तुम्हाला भरून द्यावं लागेल."

भागीदार हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी एकदा त्या फुगलेल्या कपाटांकडे बघितलं. माझं घर विकलं असतं तरी ते भागलं नसतं.

"हाताखाली," मी म्हणालो.

"जरा मोठ्याने बोला."

"यांच्या हाताखाली काम करतो मी. रोजावर."

"मग तुम्हाला काळजी नाही," ती म्हणाली. साडू एव्हाना खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा होता. माझी फजिती बघायची नाही एवढी समज त्याला होती, आणि त्याचाही मला रागच आला.

घरी जाताना वाटेत मी काय सांगायचं ते ठरवून टाकलं. बायको दारातच उभी होती. "काय हो, कोणाची चूक निघाली?"

"त्याची," मी आत जाऊन हात धूत म्हणालो. "गडबडीत एक जोड कोरडाच ठेवला पठ्ठ्याने."

"हो, धाकटीचा फोन आला होता मघाशी. ते तिलाही हेच म्हणाले. चूक सगळी माझी होती, म्हणाले, भाऊजींना उगाच लोकांसमोर खाली बघावं लागलं."

मी नळ बंद केला नाही.

"अशी चूक कबूल करायला मन मोठं लागतं," बायको टॉवेल पुढे करत म्हणाली. "तुम्ही केली असती का हो?"