परवाना रद्द झाला तेव्हा मी दाराशी होते

"अगं, नव्या कंपनीचा परवाना हातात पडेपर्यंत नवऱ्याला राजीनामा देऊ देऊ नकोस," वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या होत्या. त्यांचे यजमानही वैमानिक. परक्या देशात राहून नोकऱ्या बदलण्याचा त्यांना चांगलाच अनुभव होता.

टिल्लीची आई हसली. "काकू, विमान चालवतो तो. त्याला कोण अडवणार?"

मित्रांनो, हे बोलणे मी दाराजवळ चपलांच्या स्टँडला टेकून ऐकले. मी टिल्लीच्या बाबांची जुनी काळी बॅग आहे. चौकोनी, वरून उघडणारी, मागे दांडा आणि खाली दोन चाके. कारखान्यात एका बाईने माझ्या कडांना दुहेरी शिलाई घातली आणि दांडा पुन्हा पुन्हा ओढून पाहिला. तो अजून अडकत नाही.

बाबांनी मला पहिल्या नोकरीत घेतले. तेव्हा माझ्या पोटात नकाशांची जाडजूड पुस्तके असत. मला उचलताना त्यांच्या तोंडून "आई गं" निघे. कॉकपिटमध्ये मी उजव्या खुर्चीशेजारी बसायचे. ते कॅप्टन झाले आणि मी डावीकडे आले. सगळे म्हणत, काय भक्कम बॅग आहे! पुढे नकाशे एका टॅबलेटमध्ये मावले आणि मी हलकी झाले. आत उरले काय, तर टॉर्च, हेडफोन, पिवळे जाकीट आणि छोट्या टिल्लीचा एक मोजा. तो बाबांनी कधी बाहेर काढला नाही.

विमानतळावर आमची रांगच वेगळी. प्रवासी वळणावळणाच्या रांगेत ताटकळत. आम्ही उड्डाणाच्या कर्मचारी-यादीतले नाव दाखवून पुढे जायचो. इतकी वर्षे हे असेच चालले, त्यामुळे देशाची सीमा म्हणजे बाबांना घरातला पॅसेज वाटू लागली.

टिल्लीचे घर मात्र ज्या देशात होते, तिथे राहायला परवाना लागे. तो बाबांच्या परदेशी कंपनीने त्यांच्या नावाने काढला होता. त्यांच्या परवान्यावर आईचा आणि टिल्लीचा अवलंबून. एका खिळ्याला तीन डगले टांगावेत, तसे.

मग बाबांना दुसऱ्या कंपनीने बोलावले. विमान मोठे आणि घरी राहायला दिवस जास्त. बाबांनी राजीनामा दिला. नवी कंपनी म्हणाली, परवान्याचे आम्ही बघतो, तुम्ही आधी सिम्युलेटरला या. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच उभे असलेले खोटे विमान. ते तिसऱ्याच देशात होते. तिथे मोठी बॅग कशाला, म्हणून बाबांनी पाठीवर सॅक टाकली. मी दाराशीच राहिले.

परत येताना बाबा सवयीने वैमानिकांच्या रांगेत उभे राहिले. अंगात साधा शर्ट, यादीत नाव नाही. त्यांना साध्या खिडकीकडे पाठवले. तिथे कळले की जुन्या कंपनीने नोकरीच्या शेवटच्या दिवशीच त्यांचा परवाना रद्द केला होता. नवा आलेला नव्हता. घर शहरात दहा-बारा चौकांवर होते आणि बाबांना मायदेशी जाणाऱ्या विमानात बसवण्यात आले. प्रवासी म्हणून.

फोन आला तेव्हा टिल्ली माझ्यावर बसून केळे खात होती.

"अरे, कुठे आहेस? भात गार झाला."

"मी तुझ्या आईकडे चाललोय."

"माझ्या आईकडे? तू? बोलावल्याशिवाय?"

मग बाबांनी सगळे सांगितले. आई भिंतीला टेकून खाली बसली. तिचा आणि टिल्लीचा, दोघींचाही परवाना संपला होता. देश सोडायला थोडे दिवस मिळाले होते. त्यानंतर राहिल्या असत्या तर तो गुन्हा ठरला असता.

त्या देशाचा आणखी एक नियम होता. परदेशी माणूस नोकरी सोडून जातो, तेव्हा कर-कार्यालय 'सर्व भरले' असा दाखला देते. तोपर्यंत कंपनी शेवटचा पगार अडवून ठेवते. टिल्लीच्या ढकलगाडीचे चाक मोडले होते. आईने तिला माझ्यावर बसवले, एका हाताने तिची कंबर धरली आणि दुसऱ्या हाताने दांडा ओढत ती कार्यालयात गेली.

"यजमान राहतात कुठे?" अधिकाऱ्याने विचारले.

"विमानात."

तो हसला नाही. "बाई, विमानाला पत्ता नसतो."

त्याचेही खरे होते. बाबा झोपत एका देशात, पगार दुसऱ्या देशातल्या कंपनीचा आणि आता मुक्काम मायदेशी. तिथला कर-सल्लागार फोनवर सांगत होता, यंदाची कमाई इथेही दाखवावी लागेल. अधिकारी म्हणाला, कंपनीकडून माहिती येऊ द्या, मग बघू. आईने मला परत फिरवले.

दुसऱ्या दिवशी टिल्लीला ताप भरला. दवाखान्यात विम्याचे कार्ड चालेना. विमाही जुन्या कंपनीचाच होता, तोही गेला. नुसते तपासायलाच जी रक्कम मागितली, ती ऐकून आई घरी परतली. ओल्या रुमालाने टिल्लीचे कपाळ पुसत राहिली. दर थोड्या वेळाने ती हात लावून बघे, मग स्वतःच्या गालाला लावून बघे. वर काकूंकडे जायला मात्र तिचे पाऊल उचलेना. ज्यांच्या सल्ल्याला आपण हसलो, त्यांच्या दारात कुठल्या तोंडाने उभे राहायचे?

बेल वाजली. काकूच होत्या.

"गॅलरीतले कपडे वाळतायत की लोणचं घालतेस त्यांचं? कालपासून बघतेय." मग त्यांची नजर आत गेली. "अगं बाई. पोरगी अशी का पडलीय?"

आई रडू लागली. "काकू, तुम्ही सांगितलं होतंत..."

"ते राहू दे. आधी डॉक्टर, मग रडणं. चप्पल घाल. नाही, ती टिल्लीची आहे, तुझी घाल."

काकूंनी त्यांना आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेले. ताप घशाचा होता आणि औषधाने उतरला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आम्ही तिघी विमानात बसलो. दाखला तेव्हाही मिळाला नव्हता. अजून पत्रे चालू आहेत.

मायदेशीच्या विमानतळावर बाबा काचेपलीकडे चुरगळलेल्या शर्टात उभे होते. टिल्लीने त्यांना नीट पाहून घेतले. "तुझं विमान कुठंय?"

"सुट्टीवर गेलंय," बाबा म्हणाले आणि त्यांनी तिला इतके घट्ट धरले की ती ओरडली.

नवा परवाना शेवटी आलाच नाही. बाबा आता मायदेशात तरुण मुलांना विमान चालवायला शिकवतात आणि मी माळ्यावर असते. मला खाली काढून पुसा, असे मी म्हणणार नाही. धुळीने मला काही होत नाही.

पण मित्रांनो, तुमच्या इमारतीत असे एखादे घर असेल. बाबा लांब कामाला, आई बोलायला बुजणारी, मूल लहान. तिला मदत हवी असली तरी ती तुमच्या दाराशी येणार नाही. म्हणून आज खेळायला जाताना तुम्हीच तिची बेल वाजवा. मूल बरे आहे ना, तेवढे विचारून या.