विमलबाईंची सातवी उडी

एकसष्टाव्या वर्षी माणसं काशीला जातात, गुडघ्यांना तेल चोळतात, नाहीतर सुनेच्या कागाळ्या करतात. दहिवलीच्या विमलबाई विमानातून उड्या मारू लागल्या. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली बाई. निवृत्तीनंतर लेकीनं, सुरभीनं, वाढदिवसाची हौस म्हणून त्यांना एक उडी भेट दिली. शिकवणाऱ्याच्या पोटाला बांधून मारतात, तसली. खाली उतरल्यावर बाई म्हणाल्या, "आता मला हा माणूस सोडून मारायचीय." लोक म्हणाले, म्हातारीला चळ लागला. म्हणेनात का!

खरं कारण त्यांनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. कारण होतं थोरला भाऊ, आबाजी. चार वर्षांपूर्वी बापाच्या शेतातला आपला हिस्सा मागायला त्या गेल्या, तेव्हा त्यानं त्यांना बांधावर आडवं पाडून दांडक्यानं बडवलं होतं. "परत हितं पाय ठेवलास तर तंगडी तोडून हातात देईन," असं वर बजावलं होतं. बाई मुकाट्यानं घरी आल्या, हळद लावून घेतली आणि हिश्श्याचं नाव टाकलं. पण भीती अंगात बसली ती बसलीच. कर्जतच्या बाजारात आबाजीसारखी पाठ दिसली तरी त्या गल्ली बदलत. दहा हजार फुटांवरून उडी घेणाऱ्या बाईनं एका म्हाताऱ्याला भ्यावं, याची त्यांना लाज वाटे, संताप येई आणि त्या संतापातच त्या पुढची उडी ठरवत. कधीतरी ही भीती मेली पाहिजे, एवढी एकच हाव त्यांना उरली होती.

विमानाची धावपट्टी होती खालापूरकडच्या माळावर, आणि नेमकं माळाला लागूनच आबाजीचं शेत. वरून ते रुमालाएवढं दिसे. दर खेपेला बाई तिकडे बघत आणि दर खेपेला तोंड फिरवत.

आधीच्या सहा उड्यांत कुणी ना कुणी धरायला होतं. सातवी एकटीची. डिसेंबरातली सकाळ होती. दार उघडलं आणि वाऱ्यानं थोबाडीत मारली. बाईंनी स्वतःला बाहेर फेकलं. गालांची कातडी कानांकडे ओढली गेली, छातीवर कुणी बसून गुद्दे घालावेत तसा वारा बडवू लागला. मग पाठीवरची हवाई छत्री उघडली, आणि पट्ट्यांनी मांड्यांत असा हिसका दिला की डोळ्यांपुढे काजवे चमकले. बाई ओरडल्या, शिव्या दिल्या, आणि खूश झाल्या.

ही खुशी दोन मिनिटं टिकली. घाटाकडून वारा सुटला आणि छत्रीला माळापासून दूर रेटू लागला. कानातल्या यंत्रातून शिकवणाऱ्या साईराजचा आवाज आला. "मावशी, माळावर पोचत नाही तुम्ही. घाबरू नका. समोर खळं दिसतंय ना? मोकळं आहे, तिथंच उतरा. आता सरळ. काही झालं तरी वळायचं नाही."

खळं आबाजीचं होतं. शेणानं सारवलेलं, स्वच्छ, आणि एका अंगाला झोडलेल्या भाताची रास. राशीवर झेंडूचं फूलसुद्धा दिसू लागलं. बाईंच्या पायांत घोट्यापर्यंत बांधलेले जाड बूट होते.

रास पडलेल्या खळ्यात पायताण घालून जायचं नाही. तापानं फणफणलेल्या पोरालाही आई खळ्याच्या कडेला वहाणा काढायला लावायची. सहा महिन्यांचं शिक्षण एकीकडे आणि आईचा तो धाक एकीकडे. जमीन माडाच्या उंचीएवढीच खाली उरली आणि विमलबाईंच्या हातानं उजवी दोरी कमरेपर्यंत ओढली.

"वळू नका!" साईराज किंचाळला.

छत्री कलंडली. बाई गोफणीतल्या दगडासारख्या फिरून बांधावर आदळल्या. डाव्या नडगीचं हाड मोडल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. छत्रीत वारा भरलेलाच होता. तिनं त्यांना भाताच्या खुंटांवरून फरफटत नेलं, गाल सोलला, ओठ फाडला, आणि खळ्याच्या अगदी कडेशी रचून ठेवलेल्या भाताच्या पेंढ्यांच्या उडवीला अडकून ती पडली. बाईंनी मान वर केली. सारवणावर त्यांचा एक ओरखडाही नव्हता.

पलीकडून आबाजी आला. हातात दांडकं, डोळ्यांत रक्त. कडेनं यायचं भान त्याला कुठलं! खळं तुडवत सरळ आला.

"इमले! आभाळातनं आलीस तरी हिस्सा नाय मिळायचा तुला!"

"दादा," बाई रक्त थुंकून म्हणाल्या, "पायात वहाणा हायत तुज्या. रास हाय रं."

आबाजी थबकला. त्यानं खाली पाहिलं. टायरच्या चपलांना भाताचे दाणे चिकटले होते. रागानं माणूस पिसाळतो, पण शरमेनं त्याहून जास्त पिसाळतो. त्यानं दांडकं उचललं. बाईंनी डावा हात आडवा धरला आणि तो मनगटाच्या वर काटकन मोडला. दुसरा तडाखा खांद्यावर बसला, तिसरा डोक्यावरच्या टोपावर. बाई भीतीची वाट पाहत होत्या. ती आलीच नाही. दुखत होतं, भयंकर दुखत होतं, पण नुसतंच दुखत होतं. चौथ्या वेळी त्यांनी उजव्या हातानं दांडकं धरलं आणि सोडलं नाही.

आबाजीची बायको ठकी धावत येऊन नवऱ्याच्या दंडाला लोंबकळली. तेवढ्यात साईराजची जीपही बांधापाशी येऊन थांबली. आबाजीनं दांडकं सोडून दिलं.

"वरनं पडली," तो धापा टाकत म्हणाला. "हात, पाय, सगळं मोडून घेतलंन."

ठकी बाईंच्या कानाशी वाकली. "वन्सं, तसंच म्हना. कोन इचारनार हाय? पाया पडते तुमच्या."

खरंच कुणी विचारलं नसतं. विमानातून पडलेल्या म्हातारीचा हात कसा मोडला, हे कोण विचारतो? दवाखान्यातल्या तेहतीस वर्षांत मार खाल्लेल्या किती बाया 'न्हाणीत पडले' म्हणून सांगत आल्या होत्या, आणि बाईंनी निमूट तसंच लिहून घेतलं होतं.

साईराज गुडघ्यांवर बसला. "मावशी, काय काय लागलंय? डॉक्टरांना काय सांगू?"

"दोन वेगळं सांग," विमलबाई म्हणाल्या. "पाय माज्या चुकीनं मोडला. हात ह्यानं मोडला, दांडक्यानं. आनि पोलिसांना दवाखान्यातच बोलवून घे. मी तवर शुद्धीवर ऱ्हाते."